लांडग्याच्या डोंगरावर पाच दिवस

पहिला दिवस: अथेन्स

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात शिरलेली माणसं आधी सोन्याच्या मुखवट्यापाशी गर्दी करतात. आम्हीही तो पाहिला, पण मला ओढ होती ती एका दगडी पदराची. तो सापडेपर्यंत पाऊण तास गेला. आत्याचे गुडघे दुखत होते, तरी ती काही बोलली नाही.

देस्पिना नावाच्या देवीच्या भव्य मूर्तीच्या वस्त्राचा हा तुकडा. मेसीनीच्या दामोफॉन या शिल्पकाराने तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात घडवला. आहे संगमरवर, पण काठापदरासकट विणल्यासारखा दिसतो. आणि त्या काठात छोट्या छोट्या आकृत्या नाचताहेत. अंगावर बायकांची घोळदार वस्त्रं, आणि मानेवर तोंडं मात्र जनावरांची. कुणाचं मेंढ्याचं, कुणाचं घोड्याचं.

आत्या वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, हा तर बोहाडा."

तिची शिक्षिकेची पहिली चार वर्षं जव्हारकडच्या एका गावात गेली. तिथली रात्रभर चालणारी सोंगं, संबळ, टेंभ्यांचा उजेड हे सगळं तिने मला लहानपणी कितीदा सांगितलेलं. शाळेच्या शेजारी राहणारा माणूस एकदा मुखवटा चढवून समोर आला, तर त्याला नावाने हाक मारायची तिची जीभच उचलली नाही. "तो तोच होता गं, आणि तो नव्हताही," असं ती तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणाली. मला वाटलं, आपण ज्यासाठी इतक्या लांब आलो ते आत्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

हा पदर सापडला लिकोसुराला, पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या मधोमध, आर्केडियात. तिथेच लिकेऑन नावाचा डोंगर आहे. ग्रीकमध्ये लांडग्याला 'लीकॉस' म्हणतात. संस्कृतातला 'वृक' त्याच कुळातला शब्द. भीमाला वृकोदर म्हणतो तो हाच वृक. माणसाचा लांडगा होणे याला इंग्रजीत लायकॅन्थ्रपी म्हणतात. लीकॉस आणि आन्थ्रोपॉस, लांडगा आणि माणूस, असे दोन ग्रीक शब्द जोडून तो झाला आहे. सिनेमातल्या चांदीच्या गोळ्या आणि पौर्णिमा फार पुढच्या. त्यांच्याही मागे, मुळाकडे जाऊ लागलं की वाट या डोंगराशी येते. गेली आठ-नऊ वर्षं मी ही वाट पुस्तकांतून चालत होते.

दुसरा दिवस: अथेन्स ते कारीतेना

भाड्याची गाडी घेतली. उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला कोरिंथपर्यंतचा वेळ लागला. तिथे कालव्याच्या पुलावर थांबून खाली पाहिलं: सरळ कापलेल्या उंच भिंती, तळाशी निळी रेघ. मग त्रिपोली आणि पुढे मेगालोपोली. या गावात ग्रीसमधलं सर्वांत मोठं प्राचीन नाट्यगृह आहे, आणि त्याच खोऱ्यात लिग्नाइटच्या खाणी आणि विजेचं केंद्र. ऊन तापलं होतं म्हणून आम्ही थांबलो नाही.

कारीतेना हे टेकडीवर चिकटून बसलेलं गाव. माथ्यावर तेराव्या शतकातला किल्ला, खाली दगडी घरं. आमच्या खोलीची मालकीण आत्याच्याच वयाची. दारात उभं राहताक्षणी तिने काय आणावं? एका बशीत चमचाभर साखरेत मुरलेली चेरी आणि शेजारी थंड पाण्याचा पेला. पाहुणा आला की आधी हे, मग बाकीचं बोलणं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या सातारच्या घरी आजोबा होते तोवर ओसरीवर आलेल्या कुणालाही आधी गूळपाणी मिळायचं, ओळख नंतर.

संध्याकाळी अंगणात बसून मी आत्याला लिकाऑनची गोष्ट सांगितली. ही गोष्ट पाहुण्याचीच आहे, आणि मला वाटतं लोक नेमकं हेच विसरतात.

लिकाऑन हा आर्केडियाचा राजा, पेलासगॉसचा मुलगा. त्याने लिकोसुरा वसवलं, डोंगरावर झ्यूसची पूजा सुरू केली. एके दिवशी झ्यूस माणसाच्या रूपात त्याच्या घरी आला. ग्रीक लोक झ्यूसला पाहुण्यांचा रखवालदार मानत. दारी आलेल्याशी दगा करणं म्हणजे थेट त्याच्याशी दगा. लिकाऑनला खात्री करून घ्यायची होती की हा खरंच देव आहे की नाही. म्हणून त्याने ओलीस ठेवलेल्या एका तरुणाला मारलं, त्याचं मांस शिजवलं, आणि पाहुण्याच्या पानात वाढलं. झ्यूसने ते घर विजेने जाळलं. लिकाऑन रानाकडे पळाला, ओरडायला तोंड उघडलं तर शब्दाऐवजी केकाटणं बाहेर पडलं. कपड्यांचे केस झाले, हातांचे पाय झाले. डोळे तेवढे तेच राहिले. रोमन कवी ओव्हिडने ही गोष्ट अशी सांगितली आहे. इतर ठिकाणी ती वेगळी आहे. कुठे राजाचे मुलगे हे पाप करतात, कुठे बळी जातो तो राजाचाच मुलगा.

आत्या गप्प होती. मग म्हणाली, "चिलया."

मला तेव्हाच कळलं ती काय म्हणतेय, आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं वाचूनही मला हे कसं सुचलं नाही? श्रीधरांच्या शिवलीलामृतातला चौदावा अध्याय आमच्या घरात आत्याच वाचायची. कांतीनगरीचा श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी. दारी आलेला अतिथी विन्मुख जाऊ द्यायचा नाही हे त्यांचं व्रत. शंकर ओंगळ वेषात आला आणि जेवायला त्यांच्याच मुलाचं, चिलयाचं, मांस मागितलं. चांगुणेने ते शिजवलं. शीर मागे ठेवलं म्हणून अतिथी रागावला, तेव्हा तेही उखळात कांडलं, डोळ्यांत पाणी न आणता, गात गात. पानं वाढल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा बाहेर जाऊन हाक मारते. आणि चिलया धावत येतो.

दोन्हीकडे देव वेष पालटून आलेला, दोन्हीकडे पानात पोराचं मांस. एका गोष्टीत यजमानाचा लांडगा होतो, दुसरीत तो उद्धरून जातो.

"लिकाऑनने दुसऱ्याचं पोर कापलं," आत्या म्हणाली. "देवाची परीक्षा घ्यायला. श्रियाळाने स्वतःचं दिलं, देवाने मागितलं म्हणून. फरक आहे."

"पण आत्या, त्या पोराला काय फरक?"

यावर ती बोलली नाही. लहानपणी हा अध्याय ऐकताना मी उखळाच्या ओव्यांना कान झाकून घ्यायचे. शंकरावर माझा राग होता, आणि खरं सांगायचं तर तो पुरता गेलेला नाही. ग्रीकांचा देव निदान असलं पान बघून संतापतो. जेवण उधळून देतो.

रात्री आकाश इतकं स्वच्छ होतं की सप्तर्षी शोधावे लागले नाहीत, डोक्यावरच होते. इथे त्यांना अस्वल म्हणतात. आणि ते अस्वल म्हणजे कालिस्तो, याच लिकाऑनची मुलगी. झ्यूसपासून तिला आर्कास नावाचा मुलगा झाला, तिचं अस्वल झालं, आणि आर्कासच्या नावावरून या प्रदेशाला आर्केडिया म्हणू लागले. बाप लांडगा, मुलगी अस्वल. आपण ज्यात वसिष्ठ-अरुंधती बघतो त्याच ताऱ्यांत. चंद्र उगवायचा होता. आर्केडियाची माणसं स्वतःला 'चंद्राच्याही आधीचे' म्हणवून घेत. त्यांच्या लांडग्याच्या गोष्टींना चंद्र लागला नाही यात नवल नाही.

तिसरा दिवस: लिकोसुरा, आणि धुकं

पॉसेनियस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी. ग्रीसभर हिंडून त्याने जे पाहिलं, ऐकलं ते दहा भागांत लिहून ठेवलं. आठवा भाग आर्केडियाचा. माझ्या पिशवीत तो होता. तो लिकोसुराबद्दल म्हणतो, पृथ्वीवर जी शहरं झाली त्यांत हे सर्वांत पुरातन, सूर्याने पहिल्यांदा पाहिलेलं शहर. आज तिथे उतारावर एका देवळाचा पाया आहे, भिंतींचे काही थर, बाजूच्या चढावर दगडी पायऱ्या. आम्ही दोघीच होतो. मधमाश्या, रानफुलं, दुरून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा.

हेच देस्पिनाचं देऊळ. तो पदर इथल्या मूर्तीच्या अंगावर होता. इथे मिळालेल्या एका शिलालेखात नियम कोरलेले आहेत: आत येताना सोनं घालायचं नाही, अंगठी नको, काळी वस्त्रं नकोत, पायात वहाणा नकोत. आत्याने बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. देस्पिना म्हणजे नुसतं 'मालकीण'. देवीचं खरं नाव दीक्षा न घेतलेल्यांसमोर लिहायला पॉसेनियसही घाबरला आणि त्याने ते लिहिलं नाही.

दुपारनंतर आनो कारिएस गावातून वर निघालो. रस्ता डोंगराच्या खांद्यावरच्या एका सपाटीला येतो. इथे प्राचीन घोडदौडीचं मैदान होतं. रथ आणि घोडे ज्यावर धावले ते अख्खं मैदान डोळ्यांनी बघता यावं आणि मोजता यावं अशी ग्रीसमधली ही एकच जागा. झ्यूसच्या नावाने इथे लिकेया नावाचे खेळ होत. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी १९७३ पासून ते दर चार वर्षांनी पुन्हा भरवायला सुरुवात केली.

मैदानाजवळच्या झऱ्याला आग्नोचा झरा मानतात. आर्केडियाच्या लोकांच्या मते झ्यूसचा जन्म क्रीटमध्ये नव्हे, याच डोंगरावर झाला, आणि त्याला वाढवणाऱ्या तीन अप्सरांपैकी एक आग्नो. दुष्काळ पडला की झ्यूसचा पुजारी या झऱ्यावर यायचा, प्रार्थना करायचा, आणि ओकची फांदी पाण्याला लावायचा. बुडवायची नाही, वरवर टेकवायची. मग पाण्यातून धुक्यासारखी वाफ निघे, तिचा ढग होई, तो दुसऱ्या ढगांना बोलावून आणी, आणि आर्केडियात पाऊस पडे.

धोंडी धोंडी पाणी दे म्हणत दारोदार फिरणारी, डोक्याला कडुलिंबाचे डहाळे बांधलेली पोरं आत्याने पाहिली आहेत. १९७२ च्या दुष्काळात ती विशीत होती. तिने खाली पडलेली एक डहाळी उचलली आणि पाण्याला टेकवली. गंमत म्हणून नव्हे. तिचे ओठ हलत होते.

धुकं अर्ध्या तासात आलं. योगायोग, मला कळतं. पण आलं.

आम्ही तरी वर गेलो. शिखराच्या खाली, वेदीच्या अलीकडे, झ्यूसचं बंदिस्त आवार होतं. पॉसेनियस लिहितो: इथे कुणालाही प्रवेश नाही. नियम मोडून जो आत जाईल तो वर्षाच्या आत मरतो. आणि आत गेलेल्याची, मग तो माणूस असो की जनावर, सावली पडत नाही. शिकारी कुत्र्यांपासून पळणारं सावज आत शिरलं तर शिकारी बाहेरच थांबतो आणि बघतो, सावज सावलीशिवाय धावत असतं.

हे मी आत्याला वाचून दाखवलं आणि मग दोघींनी एकदमच खाली पाहिलं. धुक्यात सगळा उजेड पांढरा आणि सारखा झाला होता. आमच्या पायांशी काहीच नव्हतं. दगडांना नाही, काठीला नाही, आम्हाला नाही.

"वर्षाच्या आत?" आत्याने विचारलं.

"असं तो म्हणतो."

ती एकाहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मी पुस्तक मिटलं आणि तिला परत फिरवलं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी गाडीत बसेपर्यंत स्वतःला बजावत होते, आणि तिचा हात सोडला नव्हता.

चौथा दिवस: पाऊस

दिवसभर पाऊस. आत्या खिडकीशी बसून समाधानाने बघत होती, जणू तो तिने आणला होता. मालकीणबाईंनी चूल पेटवली, डोंगरातल्या झुडपाचा चहा केला, उकडलेल्या रानभाज्या लिंबू-तेल घालून वाढल्या. आत्याला त्यात तांदुळजा आठवला.

लांडगा होण्याच्या गोष्टी अशाच दिवसासाठी असतात. मी माझी वही काढली.

लिकाऑनबरोबर हे संपलं नाही. आर्केडियात असं सांगत की दरवर्षी लिकेऑनच्या यज्ञात एक माणूस लांडगा होतो. प्लेटोने ती समजूत थोडक्यात नोंदली आहे: बळीच्या जनावरांच्या आतड्यांत माणसाच्या आतड्याचा एक तुकडा मिसळलेला असतो, तो ज्याच्या तोंडी येईल तो लांडगा होतो. कुणाच्या वाट्याला येईल हे कुणालाच माहीत नाही. सगळे एकाच पातेल्यातून खातायत. प्लेटोला यातून हुकूमशहा कसा तयार होतो हे सांगायचं होतं, एकदा माणसाच्या रक्ताची चव लागली की लोकांचा रक्षक लांडगा होतो. मला ती उपमा फार खोल वाटते.

दुसरी हकिकत रोमन लेखक प्लिनीने उतरवून घेतली. आन्थसच्या कुळातून चिठ्ठ्या टाकून एकाला निवडतात. त्याला तळ्याकाठी नेतात. तो कपडे काढतो, ओकच्या झाडाला टांगतो आणि पाण्यात उतरतो. पोहत पलीकडे पोचतो तो लांडगा होऊन, आणि रानात इतर लांडग्यांत मिसळतो. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत त्याने माणसाला तोंड लावलं नाही, तर तो त्याच तळ्यावर परत येतो, पोहून अलीकडे येतो, आणि पुन्हा माणूस होतो. चेहरा तोच, फक्त नऊ वर्षांनी थोराड. आणि ते टांगलेले कपडे? तेही त्याला परत मिळतात. प्लिनीला हे अजिबात पटत नाही. ग्रीकांचा भाबडेपणा कुठवर जातो, असं तो चिडून लिहितो. पण त्याने कपड्यांचा तपशील गाळला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. झाडावर नऊ वर्षं लटकलेला तो अंगरखा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

काही अभ्यासकांच्या मते यामागे तरुण मुलांना घरापासून दूर रानात काढायला लावणारा एखादा संस्कार असावा. ठरावीक काळ गावाबाहेर, लांडग्यासारखं, आणि मग मोठं होऊन परत. असेल. मला भिडतं ते वेगळंच. पुढच्या युरोपात, विशेषतः सोळाव्या-सतराव्या शतकात, लांडगा झाल्याचा आरोप आलेल्या माणसांना हालहाल करून मारलं, जाळलं. तिथे परतीची वाट नव्हती. या सर्वांत जुन्या गोष्टीत मात्र ती आहे, आणि अट एकच: भूक आवरायची. नऊ वर्षं लांडग्याच्या पोटाने जगायचं आणि आपण माणूस होतो हे विसरायचं नाही.

असा परत आलेला एकजण म्हणून दामार्खोसचं नाव घेत. तो पार्हासियाचा, म्हणजे इथलाच, मुष्टियोद्धा. ऑलिंपियाला जिंकला, तिथे त्याचा पुतळाही होता. पॉसेनियसने पुतळ्याखालचा लेख वाचला. त्यात बापाचं नाव आहे, गाव आहे, लांडग्याचा उल्लेख नाही. म्हणून तो विश्वास ठेवत नाही. पण हाच पॉसेनियस लिकाऑनच्या मूळ गोष्टीवर विश्वास ठेवतो, आणि त्याचं कारण वाचताना मी दरवेळी थांबते. तो म्हणतो, त्या काळी माणसं देवांच्या पंक्तीला जेवत होती. चांगल्याला उघड मान मिळे आणि पाप्याला उघड शिक्षा. आता दुष्टपणा सगळीकडे इतका माजला आहे की माणसातून कुणी देव होत नाही, आणि दुष्टांवरचा देवांचा कोप ते इथून गेल्यानंतरपर्यंत लांबणीवर पडतो. त्याने हे लिहिलं त्याला साडेअठराशे वर्षं झाली.

त्याच शतकात सिदे गावचा मार्सेलस नावाचा वैद्य या प्रकाराकडे आजार म्हणून बघत होता. फेब्रुवारीत रात्री बाहेर पडणारी, लांडग्यासारखी वागणारी, उजाडेपर्यंत थडग्यांपाशी घुटमळणारी माणसं. चेहरा फिकट, डोळे कोरडे आणि खोल गेलेले, जीभ सुकलेली, अंधारात ठेचकाळून नडग्यांवर न भरणाऱ्या जखमा. त्याने याला एक प्रकारची खिन्नता म्हटलं आणि उपचार सांगितले. नडग्यांवरच्या जखमा त्याने पाहिल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेजारीपाजारी ज्याला घाबरून दार लावत होते, त्याच्या पायांकडे कुणीतरी वाकून पाहिलं होतं.

मालकीणबाईंना इंग्रजी कामापुरतं येतं. मी 'लीकॉस' म्हटलं, हावभाव केले. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "व्रिकोलाकास." हा शब्द मला माहीत होता, पण त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. शब्द स्लाव्ह भाषांतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ लांडगा झालेला माणूस असाच होता. ग्रीसमध्ये येऊन तो बदलला. इथे व्रिकोलाकास म्हणजे थडग्यातून उठून आलेलं प्रेत. लांडग्याच्या मूळ गावात लांडग्याचं नाव भुताला मिळालं.

त्यांच्या आजीने सांगितलेलं: रात्री दारावर कुणी थाप मारली, नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. व्रिकोलाकास एकदाच हाक मारतो. दुसरी हाक आली तर माणूस.

मी भाषांतर करायच्या आधीच आत्याने मान हलवली. आपल्याकडेही आजी हेच सांगायची, रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, थांबावं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मधे भाषेची गरज पडली नाही.

पाचवा दिवस: वेदी

सकाळी आकाश धुतल्यासारखं. मी आत्याला विचारलं, वर जायचंच का? ती आधीच शाल घेऊन गाडीपाशी उभी होती.

शिखर १,३८२ मीटर. गाडी जाते तिथून शेवटचा चढ पायी. जवळच संत एलियासचं छोटं देऊळ आहे. ग्रीसमध्ये डोंगरमाथ्यांवर हाच संत असतो, अग्निरथातून आकाशात गेलेला, पाऊस आणि विजेशी नातं असलेला. झ्यूस गेला, त्याचं काम कुणीतरी करायला हवंच होतं.

वेदी म्हणून बांधकाम काही नाही. सुमारे तीस मीटर रुंदीचा, काळसर मातीचा सपाट उंचवटा. ती माती म्हणजे राख. हजार वर्षांहून जास्त काळ इथे झ्यूससाठी जनावरांच्या मांड्या जाळल्या, त्यांची राख दीड मीटरपर्यंत साचली. पुढे उगवतीकडे दोन खांब होते, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेले गरुड. पॉसेनियस आला तोवर गरुड गेले होते. इथून पेलोपोनीजचा बहुतेक भाग दिसतो असं तो लिहितो आणि ते खरं आहे; दक्षिणेला ताइगेटॉसची रांग, खाली मेगालोपोलीचं खोरं, त्यात विजेच्या केंद्राची धुराडी.

इथल्या यज्ञाबद्दल मात्र तो हात आखडतो. या वेदीवर गुप्तपणे यज्ञ करतात, त्यात खोल शिरावंसं मला वाटलं नाही, ते जसं आहे आणि आरंभापासून जसं होतं तसंच असू दे. एवढंच. जो माणूस प्रत्येक देवळात नाक खुपसतो तो इथे थांबला.

पुरातत्त्वज्ञ थांबू शकत नाहीत. १९०२ च्या सुमारास कुरुनिओतिस यांनी ही राख खणली. हाडं निघाली ती जनावरांची. माणसाचं एकही नाही. नंतर या शतकात ग्रीक आणि अमेरिकन संशोधकांनी पुन्हा काम सुरू केलं, आणि वर्षानुवर्षं तेच: शेळ्यामेंढ्यांची जळकी हाडं, बहुतेक मांड्यांची, गुडघ्याच्या वाट्या, शेपटीचे मणके. मायसिनी काळातले पेले सापडले, त्याहून कितीतरी जुनी नवाश्मयुगातली खापरं सापडली. माणूस नाही. मलाही वाटू लागलं होतं की प्लेटो, प्लिनी सगळे ऐकीव सांगत होते.

मग २०१६ च्या उन्हाळ्यात राखेत एक सांगाडा मिळाला. दगडांच्या दोन ओळींच्या मधे नीट निजवलेला, कमरेवर दगडी फरश्या. कवटीचा वरचा भाग नाही. वय किशोर, बहुधा मुलगा. सोबतच्या मातीच्या भांड्यांवरून काळ इ.स.पू. अकरावं शतक. त्याचा बळी दिला असं खणणाऱ्यांनी म्हटलेलं नाही. त्याला इथे का ठेवलं, हे हाडं सांगत नाहीत. मान म्हणून पुरला असेल. जिथे फक्त जनावरं जाळायची तिथे एका पोराला इतक्या जपून का निजवलं असेल, याची मी बरीच उत्तरं वाचली आहेत, आणि माझं मन कुठल्याच उत्तरावर बसलेलं नाही.

खणलेली जागा आता पुन्हा बुजवली आहे. नेमकी कुठली ते मला ओळखता आलं नाही. राखाडी माती, तिच्यात उगवलेलं गवत, पांढऱ्या हाडांचे कण उन्हात चमकत होते. आत्याने बूट काढले होते. ऊन लख्ख होतं आणि तिची सावली वेदीवर आडवी पडली होती, माझी तिच्या शेजारी. मी ती बघत होते, आणि काल-परवापासून छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं.

"किती वर्षांचा म्हणालीस?"

"तेरा-चौदा असेल, आत्या. किशोर म्हणतात."

ती वेदीच्या कडेला गेली. वारा होता, तिने पदर डोक्यावरून घेतला. मला वाटलं हात जोडेल. तिने तोंडाशी हात नेला आणि खोऱ्याकडे बघत हाक मारली. मोठ्याने नाही, पण आपण अंगणातून खेळायला गेलेल्या पोराला मारतो तशी, शेवटचा स्वर लांबवून.

"ये रे बाळा."

खाली कुठेतरी शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. ती थोडा वेळ थांबली, आणि मग तिने दुसऱ्यांदा हाक मारली.